ऑस्ट्रेलियातल्या उंचावरच्या थंड द्राक्षबागा आणि आपलं तोरणमाळ: जाणकारांनी सांगावं

अक्राणीचा_पावरा विचारतो:

राम राम मंडळी,

मी धडगाव तालुक्यातला. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बीएस्सी ॲग्री झालो. दर हंगामात नाशिककडच्या एका वायनरीत क्रशिंगच्या, म्हणजे द्राक्षं चिरडायच्या कामाला जातो, बाकी वर्षभर घरची शेती बघतो. ज्वारी, मका, मिरची, बांधावरचे आंबे. कैऱ्या वाळवून आमचूर विकतो, उन्हाळा लागताना घरची माणसं मोहाची फुलं वेचतात. आमचं रान तोरणमाळच्या पठाराला लागून आहे. हिवाळ्यात खाली शहाद्याला दुपारी लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरतात तेव्हाही आमच्याकडे सावलीत अंग शहारतं, आणि काही पहाटे गवतावर दव गोठतं.

यंदा वायनरीत आम्हा कामगारांनाही काही बाहेरच्या बाटल्या चाखायला दिल्या. त्यात ऑस्ट्रेलियातल्या 'ऑरेंज' नावाच्या भागातली एक शार्दोने, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन होती. लेबलवर बागेची उंची छापली होती, 900 मीटरच्या आसपास. वाइन आंबट होती पण दात आंबवणारी नव्हती, घोट गिळल्यावर बराच वेळ चव तोंडात राहिली. आमच्याकडे टाकीतून काढून चाखतो त्या शार्दोनेपेक्षा अगदी वेगळी. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

ऑस्ट्रेलिया म्हटलं की ऊन आणि कोरडं रान डोळ्यांसमोर येतं. तिथे थंड हवेची द्राक्षं कोण पिकवतं? उंचीने नेमकं काय होतं? आणि तोरणमाळ तर हजार मीटरच्या वर आहे, मग आमच्या पठारावर तसली वाइन का होऊ नये? ज्यांनी त्या बागा पाहिल्या असतील त्यांनी सांगावं. वरवरचं नको, मला खरंच करून बघायचं आहे.

---

चोपड्याची_माहेरवाशीण यांचं उत्तर:

भाऊ, राम राम. सातपुड्यातून हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहिते. माझं माहेर चोपडा. वडिलांची केळी, तापीखोऱ्यातली काळी जमीन, मे महिन्यात 45 च्या पुढे जाणारा पारा. लग्न होऊन न्यू साउथ वेल्समध्ये आले आणि ऑरेंजच्या बागांमध्येच कामाला लागले. आधी छाटणी, मग फुटवे काढणं, बांधणी, आणि आता बागेची देखरेख. तुम्ही चाखलेली बाटली कोणाची ते मला ठाऊक नाही, पण ती ज्या डोंगराची आहे तो मला रोज दिसतो.

तो डोंगर म्हणजे माउंट कॅनोबोलास, 1395 मीटर उंचीचा विझलेला ज्वालामुखी. सिडनीहून पश्चिमेला ब्लू माउंटन्स ओलांडून गेलं की ऑरेंज गाव येतं. डोंगराच्या अंगावरची माती लालभडक, बसाल्ट कुजून झालेली. तुमच्या पायाखालचा खडकही बसाल्टच आहे, त्यामुळे माती म्हणून तुम्हाला ते रान परकं वाटणार नाही.

ऑस्ट्रेलियात वाइनच्या प्रत्येक भागाची हद्द कायद्याने आखलेली असते. ऑरेंजची हद्द 600 मीटरच्या समोच्चरेषेवरून जाते. रेषेच्या वरच्या शेतातलं द्राक्ष ऑरेंजचं. त्याच शेतकऱ्याचं रेषेच्या खालचं द्राक्ष असेल तर त्याला 'सेंट्रल रेंजेस' असं मोठ्या विभागाचं नाव लावावं लागतं. तिथून बागा चढत चढत हजार मीटरच्या आसपास जातात. म्हणून लेबलवर उंची छापलेली दिसते. विकत घेणाऱ्याला त्यातून कळतं की हे द्राक्ष डोंगराच्या कोणत्या पट्ट्यातलं आहे.

गाव मूळचं सफरचंदाचं आणि चेरीचं, आजही त्या बागा आहेत. वाइनच्या द्राक्षाची सुरुवात तशी अलीकडची. स्टीफन आणि रोंडा डॉयल या नवराबायकोने 1983 मध्ये 'ब्लडवुड' ही बाग लावली, आणि व्यापारी म्हणावी अशी इथली पहिली बाग तीच. नंतर फिलिप शॉ आले. ते रोझमाउंट या मोठ्या कंपनीचे तेव्हाचे मुख्य वाइनमेकर. सगळीकडची द्राक्षं हाताखालून गेलेला माणूस स्वतःच्या बागेसाठी 1980 च्या दशकाच्या अखेरीस 900 मीटरवरची जागा निवडतो, यातच इथल्या हवेबद्दल खूप काही आलं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. साधारण 100 मीटर वर चढलं की तापमान 0.6 अंशाच्या आसपास उतरतं. ग्रिफिथ हे गाव ऑरेंजच्या पश्चिमेला, थोडं दक्षिणेकडे, सपाटीवर, समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरही नाही. तिथे पाटाच्या पाण्यावर स्वस्त वाइनची द्राक्षं ढिगाने पिकतात. जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा. त्या महिन्यात ग्रिफिथला दुपारचं सरासरी तापमान 33 च्या आसपास, ऑरेंजला 26-27. रात्री तर ऑरेंजला अंगावर काहीतरी घ्यावं लागतं.

या फरकाचं मण्यात काय होतं ते बघा. मणी कडक असताना त्यात दोन आम्लं साठतात, टार्टारिक आणि मॅलिक. पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागला, की तो श्वसनात मॅलिक आम्ल जाळायला लागतो. हवा जितकी गरम, तितकं ते लवकर संपतं, आणि रात्रही गरम असेल तर चोवीस तास जळत राहतं. मग सपाटीवर होतं असं की ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, भराभर चढतो, आम्ल निघून जातं, पण साल आणि बी अजून कच्चीच असतात. साखरेसाठी थांबायची गरज नाही, चवीसाठी थांबावं तर आम्ल हातचं जातं. वायनरीत मग वरून टार्टारिक घालतात. तुम्ही क्रशिंगला असता, पोती फोडली असतील. उंचावर ही सगळी चाल सावकाश होते. साखर, आम्ल, साल, बी, वास, सगळं एकमेकांच्या बरोबरीने येतं. तुम्हाला जी न टोचणारी आंबट चव लागली ती द्राक्षातच होती.

तोडणीच्या आधी मी सकाळी ओळींमधून मणी खात फिरते. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात असतो, पण आधी दातांनी बघायचं. घडाच्या खांद्यावरचा एक, शेंड्याचा एक, सावलीच्या बाजूचा एक. गर जिभेने बाजूला केला की बी सुटं होतं का, की गराला धरून बसतं? हातावर थुंकून बघायचं, हिरवट आहे की तपकिरी. मग चावायचं. कच्चं बी दाताखाली चिवट आणि कडू लागतं, पिकलेलं कडकन फुटतं आणि भाजक्या दाण्याकडे झुकतं. सालीचा चोथा गालात धरून ठेवला की तुरटपणा किती वेळ टिकतो ते कळतं. ऑरेंजच्या 900 मीटरवर शार्दोनेचं बी तपकिरी होतं तेव्हाही रस आंबट असतो. ते तोंडात कळल्याशिवाय उंचीचा अर्थ लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एकाच डोंगरावर जातीही उंचीप्रमाणे बदलतात. 600-700 मीटरच्या पट्ट्यात शिराझ, कॅबर्ने या लाल वाइनच्या जाती पिकतात. तीच कॅबर्ने 900 ला लावली तर बऱ्याच वर्षी ती पिकण्याआधी थंडी येऊन ठेपते. वरच्या पट्ट्यात शार्दोने, पिनो न्वार, सॉव्हिन्यॉ ब्लां, आणि बुडबुड्यांच्या वाइनसाठी लागणारा माल.

थंडीचा त्रासही सांगते. कोंब फुटताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दव गोठलं तर कोंब काळे पडतात. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून वाहत खालच्या खोलगटात साचते. म्हणून बाग उतारावर लावतात आणि खालचा खळगा गवताला सोडतात. काही ठिकाणी उंच खांबावरचे पंखे वरची उबदार हवा खाली ढकलतात. निफाडला पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवतात ना, धडपड तीच. शिवाय गारा, शिवाय पाखरं. पाणी उतरलं की सगळी बाग जाळीखाली झाकावी लागते.

तोरणमाळबद्दल मात्र एकदम हो म्हणवत नाही. ऑरेंज 33 अंश दक्षिणेला, तोरणमाळ 22 अंश उत्तरेला. विषुववृत्ताच्या इतकं जवळ आलं की त्याच मीटरची किंमत बदलते. पण त्याहून मोठा एक मुद्दा आहे, तो तुमच्या रानाची माहिती कळल्यावर लिहीन. पाऊस कधी उघडतो? विहीर आहे का? उतार कोणत्या दिशेला?

---

मांडवाखालचा यांचं उत्तर:

ताई, फार छान लिहिलंत. मी पिंपळनेरचा, साक्री तालुका. आमची पाहुणेमंडळी सगळी सटाणा-देवळ्याकडची, द्राक्षात मुरलेली.

पावरा भाऊ, मनातलं बोलतो, नाउमेद करायला नाही. ऑस्ट्रेलियात वेल हिवाळ्यात झोपतो. पानं गळतात, वर्षात एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी घेऊन काडी तयार करायची, त्या काडीच्या डोळ्यात घड बसतो, मग पावसाळा सरताना फळासाठीची गोडी छाटणी. डोळा फुटावा म्हणून हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावायची. तोरणमाळला थंडी आहे खरी, पण वेलाला झोपवेल इतकी नाही. म्हणजे दोन छाटण्या तुम्हालाही चुकत नाहीत.

दुसरं पाऊस. पठारावर धुकं, झड, पानं दिवसभर ओली. डाऊनीचं, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाचं घरच ते. पोंगा अवस्थेत, म्हणजे कोवळा फुटवा बाहेर येताना, पाऊस सापडला की घड जिरतात, धरतच नाहीत. कसमादेत, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात, आम्ही अर्ली छाटणी घेतो, जुलै-ऑगस्टला, माल नोव्हेंबर-डिसेंबरला निघतो, भाव चांगला मिळतो. पण त्यासाठी फवारणीचा पंप खांद्यावरून उतरत नाही, आणि एक परतीचा पाऊस सगळं घेऊन जातो. हे खाण्याच्या द्राक्षाला परवडतं कारण दर मिळतो. वाइनच्या द्राक्षाला वायनरी करारातला दर देते, तो ठरलेला. धडगावहून नाशिकपर्यंत माल नेईपर्यंत क्रेटमध्ये रस सुटेल तो वेगळा.

ताई, तुमचा मोठा मुद्दा काय तो लिहाच.

---

जळगाव_ते_मेलबर्न यांचं उत्तर:

मी द्राक्षातला नाही, संगणकातला माणूस, पण व्हिक्टोरियातल्या डोंगराळ बागांमध्ये सुट्टी मिळेल तेव्हा जातो. ताईंच्या ऑरेंजला जोड म्हणून इकडचं थोडं.

मेलबर्नहून वायव्येला तासाभरावर मॅसेडॉन रेंजेस. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यांत थंड वाइनचा भाग म्हणून तो ओळखला जातो, बागा साधारण 300 ते 800 मीटरवर. तिथे 'बिंडी' नावाची छोटी बाग आहे, ढिल्लन कुटुंबाची. बिल ढिल्लन भारतातून तिकडे गेलेले. त्यांनी 1988 मध्ये वेली लावायला सुरुवात केली, आता मुलगा मायकल बघतो. शार्दोने आणि पिनो न्वार, माल अगदी थोडा, आणि वाइनमधल्या जाणकारांत मान मोठा. आपल्याकडचं आडनाव त्या बाटलीमागे आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ईशान्येला किंग व्हॅली. पावरा भाऊ, हा भाग तुम्ही नीट बघा, कारण इथली गोष्ट शेतकऱ्यांची आहे. इटलीहून आलेली कुटुंबं इथे तंबाखू पिकवायची. तंबाखूचे दिवस सरत गेले तशी ती हळूहळू द्राक्षाकडे वळली. पिझ्झिनी, दाल झोत्तो ही त्यातलीच नावं. ब्राउन ब्रदर्स या जुन्या कंपनीने 1982 मध्ये दरीच्या वरच्या व्हिटलँड्स पठारावर, 800 मीटरच्या आसपास, बाग लावली. ऑट्टो दाल झोत्तो यांनी 1999 मध्ये प्रोसेक्को हे बुडबुड्यांच्या वाइनचं इटालियन द्राक्ष लावलं, ऑस्ट्रेलियातलं पहिलं, आणि 2004 मध्ये त्याची वाइन बाजारात आणली. आज त्या दरीच्या रस्त्याला लोक प्रोसेक्को रोड म्हणूनच ओळखतात. पीक बदलणं एका पिढीत होत नाही, पण झालं की गावं टिकतात हे तिथे दिसतं.

शेजारीच बीचवर्थ, सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. तिथे रिक किन्झब्रुनर यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 'जियाकोंडा' सुरू केली. त्यांची शार्दोने मी एकदाच चाखली, किंमत ऐकून परत मागवली नाही, पण चव अजून आठवते.

आणखी एक. हवा तापत चालली तशी मोठी मंडळी थंड जागा धरायला लागली आहेत. ब्राउन ब्रदर्सनी 2010 मध्ये टास्मानियातल्या बागा विकत घेतल्या, त्यामागे हेही कारण होतं. थंड जागेची किंमत वाढतच जाणार.

---

पांझराकाठ यांचं उत्तर:

फक्त दराबद्दल. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला. आधी वाइनवर आयात शुल्क 150 टक्के होतं. आता 5 अमेरिकी डॉलरच्या वर आयात किंमत असलेल्या बाटलीला पहिल्याच टप्प्यात 100 टक्के झालं आणि दहा वर्षांत 50 वर येणार. 15 डॉलरच्या वरच्या बाटलीला आधी 75, मग उतरत 25. राज्याचे कर वेगळे. म्हणजे या डोंगरातल्या महागड्या बाटल्याच आपल्याकडे जास्त स्वस्त होत जाणार. इथे कोणी उंचावरची वाइन करायची म्हणत असेल तर तिची तुलना त्यांच्याशी होईल, हे धरून चाला.

---

अक्राणीचा_पावरा:

ताई, जिभाऊ, दादा, सगळ्यांचे आभार.

ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पाऊस सप्टेंबरअखेर बराच उघडतो, कधी ऑक्टोबरात एखादी सर येते. विहीर आहे, होळीपर्यंत पाणी पुरतं, पुढे जेमतेम. उतार ईशान्येला. वरचा तुकडा मुरमाड आहे, तिथे ज्वारीसुद्धा बुटकी येते. खालच्या खळग्यात मात्र माती खोल आहे, द्राक्ष लावायचं तर तिथेच लावू असं वडील म्हणतात.

डाऊनीचं जिभाऊंनी सांगितलं ते पटलं, वायनरीत सडके घड निवडताना रोज बघतो. पण प्रश्न तसाच आहे. हजार मीटरचा आम्हाला काही फायदा आहे की नाही?

---

चोपड्याची_माहेरवाशीण:

आहे, भाऊ. पण तो आपसूक मिळत नाही, छाटणीच्या तारखेतून काढावा लागतो. हाच तो मोठा मुद्दा.

ऑरेंजला तोडणी मार्च-एप्रिलमध्ये होते. इथे तो शरद ऋतू. पाणी उतरतं तेव्हा उन्हाळा मागे पडू लागलेला असतो, आणि पुढचे सगळे आठवडे दिवस लहान आणि रात्री गार होत जातात. मणी पिकतो तो उतरत्या पाऱ्यात. नाशिकला नेमकं उलट. सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग थंडी, आणि माल पिकतो तो जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत, म्हणजे चढत्या पाऱ्यात. जसजसं द्राक्ष पिकतं तसतसं ऊन वाढतं. शेवटच्या पंधरा दिवसांत आम्ल कसं कोसळतं ते तुम्ही प्रयोगशाळेच्या वहीत रोज बघत असाल. म्हणून मी बागेची उंची विचारण्याआधी एक विचारते: पाणी उतरल्यापासून तोडणीपर्यंतचा महिना कोणत्या हवेत जातो?

ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याला तो महिना निवडता येत नाही. त्याचा वेल ऋतूप्रमाणे जागा होतो, म्हणून थंड महिना हवा असेल तर त्याला डोंगर चढावा लागतो. तुमच्या वेलाला कधी जागं करायचं ते तुमच्या हातात आहे. कसमादेचे लोक भावासाठी अर्ली छाटणी घेतात, तीच युक्ती चवीसाठी वापरून बघा. सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरताच छाटणी केली तर लवकर येणाऱ्या पांढऱ्या जातीचा माल साधारण चार-साडेचार महिन्यांनी येतो, म्हणजे शेवटचा महिना जानेवारी. खाली शहाद्याला जानेवारीची दुपार तापतेच. तुमच्या पठारावर ती सौम्य आणि रात्र चांगली गार. तुमच्या हजार मीटरचा उपयोग तिथे आहे.

यात एक अडचण आहे, आणि ती मोजल्याशिवाय कळणार नाही. 10 अंशांच्या खाली वेलाची वाढ जवळजवळ थांबते. केळीचं तुम्हाला माहीत असेल, थंडीत ती उशिरा निसवते, वडील डिसेंबरभर वैतागलेले असायचे. तसं पठारावरच्या रात्री फार गार निघाल्या तर चार महिन्यांचे पाच होतील, तोडणी मार्चात ढकलली जाईल आणि सगळा हिशेब फिरेल. मार्चात सातपुड्यात वणवेही लागतात. धूर ही किरकोळ गोष्ट समजू नका. 2019-20 च्या उन्हाळ्यात इथे जंगलं पेटली. कॅनबेरा आणि टुंबारुंबा भागातल्या बऱ्याच जणांनी 2020 चा माल तोडलाच नाही. धुरातले घटक सालीतून आत जाऊन साखरेला चिकटून बसतात. मणी खाताना पत्ता लागत नाही, आणि आंबवण सुरू झालं की सुटे होऊन वाइनला राखेची चव येते. टुंबारुंबा म्हणजे स्नोई पर्वताच्या पश्चिम उतारावरचा भाग. तिथल्या शार्दोनेसाठी मोठ्या कंपन्या रांग लावतात, आणि त्या वर्षी तिथल्या शेतकऱ्यांवर काय वेळ आली ते आम्ही जवळून पाहिलं.

म्हणून आधी वेल नको, आधी तापमापक. हे मी कॅनबेरावरून सांगते. 1971 मध्ये तिथे दोन जणांनी बागा लावल्या, एडगर रीक आणि जॉन कर्क. दोघेही शास्त्रज्ञ. हवामानाची माहिती बघून इथे द्राक्ष यायला हवं हे त्यांनी ओळखलं, तेव्हा त्या भागात वाइन म्हणण्यासारखं काही नव्हतं. कर्क यांची बाग 'क्लोनाकिला', मरमबेटमन गावाजवळ, 600 मीटरच्या आसपास. त्यांचा मुलगा टिम 1991 मध्ये फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात गेला. तिथे शिराझबरोबर व्हिऑनिए या पांढऱ्या जातीचा थोडा माल एकत्र आंबवतात, ते त्याने चाखलं आणि परत येऊन पुढच्याच हंगामात आपल्या बागेत करून पाहिलं. आज ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यांत नावाजलेल्या शिराझमध्ये ती गणली जाते. हवा थंड असल्याने त्या शिराझमध्ये मिरीचा वास येतो, गरम भागातल्यासारखा मुरंब्याचा नाही. म्हणजे बाप हवामानाचे आकडे वाचून जागा निवडतो, आणि त्या जागेला शोभेल अशी वाइन मुलाला वीस वर्षांनी सापडते.

आता तुमच्या रानाबद्दल. वडिलांचा मान ठेवून सांगते, खळग्यात लावू नका. रात्रीची थंड हवा तिथेच साचणार, धुकं तिथेच रेंगाळणार, डाऊनी तिथूनच सुरू होणार, आणि खोल मातीत वेल पानांत जाईल. मुरमाड तुकडा द्या. ज्वारी बुटकी येते ती जागा वाइनच्या वेलाला चालते, वाढ आटोक्यात राहते आणि मणी लहान येतो. ईशान्येचा उतार मला आवडला. सकाळचं ऊन लवकर पानांवर येईल आणि ओल सुकेल, दुपारच्या तापातून थोडी सुटका. मांडव करू नका, सावली आणि ओल दोन्ही वाढते. उभ्या तारांवर बांधा, घडांच्या पट्ट्यातली पानं सकाळच्या बाजूने काढा.

दोन तापमान नोंदणारे लॉगर घ्या, फार महाग नसतात. एक मुरमाड तुकड्यावर, एक खळग्यात, दोन्ही दीड मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत. दर तासाची नोंद ठेवा. पानांच्या ओलीसाठी वेगळं यंत्र नको, रोज सकाळी दव किती वाजता सुकलं ते वहीत लिहा. ऑक्टोबर ते मार्च असे दोन हिवाळे. दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी पाच-सहा ओळी लावून बघायला हरकत नाही. शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यॉ ब्लां या नाशिकला रुळलेल्या जाती आहेत, कलमं मिळतात. पिनो न्वारच्या मोहात पडू नका, साल नाजूक, घड घट्ट, तुमच्या धुक्यात सडेल. तुमच्या वायनरीत जो लॅब बघतो त्याच्याशी ओळख वाढवा. बादलीभर मालाचं पीएच आणि आम्ल तो फुकट काढून देईल.

पांझराकाठ म्हणतात ते खरं आहे, तुलना होणार. आणि मांडवाखालचे जिभाऊ वाहतुकीचं बोलले त्यावर अजून माझ्याकडे उत्तर नाही. रात्री तोडून पहाटेआधी गाडी घाट उतरली पाहिजे एवढंच आत्ता सुचतं. जिभाऊ, तुमच्याकडे क्रेटमध्ये बर्फ टाकून नेणारं कोणी असेल तर खर्चाचा अंदाज इथे लिहा.

---

मांडवाखालचा:

लिहितो ताई, सटाण्याला भाच्याला विचारून. छाटणीच्या तारखेचं मात्र पटलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटायचं असेल तर खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायलाच हवी, नाहीतर काडी पिकत नाही. आणि भाऊची विहीर होळीनंतर आटते. नेमकी तेव्हाच काडीला पाण्याची गरज. आधी शेततळ्याचं बघा.

---

अक्राणीचा_पावरा:

शेततळ्याचा अर्ज तालुक्याला दिलेला आहे, मंजुरी बाकी. लॉगर नाशिकहून येताना आणतो. वडिलांना खळग्याचं सांगितलं, ते म्हणाले दोन्हीकडे मोजा, मग बोलू.

---

चोपड्याची_माहेरवाशीण:

वडिलांचं बरोबर आहे. नोंदी महिन्याच्या महिन्याला इथेच टाकत जा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींचे आकडे आले की माझ्याकडच्या मार्च-एप्रिलच्या नोंदींशेजारी ठेवून बघू. मी ऑरेंजचा तक्ता तयार करून ठेवते.